गुणाबाईचा 'भॉक' आणि उंबराखालचा उच्चारवर्ग

एका जंगलात, मुलांनो, गुणाबाई नावाची एक भेकरीण राहत होती. भेकर म्हणजे हरणातली बुटकी जात. दिसायला गरीब, पण घसा कुत्र्याचा. बिबट्याचा वास आला की गुणाबाई 'भॉक' करून ओरडायची आणि सगळं जंगल जीव मुठीत धरून पळायचं. तिची आईही तसंच ओरडायची, आजीही. पळताना त्यांचे उच्चार कोणी कधी तपासले नव्हते.

मग शहरातून पोपटराव परत आले. तीन वर्षं ते एका खिडकीतल्या पिंजऱ्यात होते. समोर इंग्रजी उच्चारांचा क्लास चालायचा. ऐकून ऐकून त्यांना सगळं पाठ झालं. एकदा पिंजऱ्याचं दार उघडं राहिलं, तेव्हा ते ज्ञानासकट उडाले आणि जंगलात येऊन त्यांनी उंबराखाली वर्ग काढला.

"इंग्रजीत अक्षरं सव्वीस आणि ध्वनी चव्वेचाळीस," पोपटराव म्हणाले.

"मग वरचे अठरा आणायचे कुठून?" साळिंदरानं विचारलं.

"म्हणून तर वर्ग लावायचा."

साळिंदराला हे पटलं. त्यानं लगेच आपल्या दोन्ही पोरांची नावं घातली. सशानं घातलं, रानकोंबडीनं घातलं. गुणाबाईनंही आपल्या तानीचं नाव घातलं. आपण जन्मभर ओरडलो, लेकीनं तरी चार शब्द नीट बोलावेत, एवढंच तिच्या मनात होतं.

पहिल्या आठवड्यात 'प' झाला. तोंडासमोर पान टांगायचं आणि इंग्रजी 'प' म्हणायचा. पान हललं तर उच्चार शुद्ध, नाही हललं तर रानटी. आठवडाभर जो तो पानावर फुंकत बसला. चरायला कोणाला सवड नव्हती. तानीचं पान पहिल्याच दिवशी हललं. गुणाबाईनं ते पान जपून ठेवलं. तेव्हा वारा सुटला होता, हे मात्र तिनं कोणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात घोडं अडलं. एका ध्वनीसाठी जिभेचं टोक दातांमध्ये धरून हवा सोडावी लागते. दुसऱ्यासाठी वरचे दात खालच्या ओठावर टेकवावे लागतात. पोपटरावांना दात नव्हते. ओठही नव्हते. चोच होती, पण चोचीनं काय करायचं ते क्लासात कोणी सांगितलं नव्हतं.

"प्रात्यक्षिकाला कोणीतरी हवं," ते म्हणाले. "दात स्पष्ट दिसले पाहिजेत."

जंगलात सर्वांत स्पष्ट दात बिबट्याचे होते. पोपटराव त्याच्या गुहेपाशी गेले आणि जरा उंच फांदीवर बसून बोलले. बिबट्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"शिक्षणक्षेत्रात यायची माझी फार दिवसांची इच्छा होती," तो म्हणाला.

झालं. बिबटेसरांचा वर्ग गुहेत भरू लागला. एकेका विद्यार्थ्यानं आत जायचं आणि जीभ नेमकी कुठं टेकते ते जवळून बघायचं. बाहेर सूचना लागली की वर्गाच्या आसपास 'भॉक' करू नये. फारच गरज वाटली तर 'लेपर्ड' म्हणावं.

"मधला 'ओ' लिहायचा, पण म्हणायचा नाही," पोपटरावांनी गुणाबाईला बजावलं.

"मग लिहायचा कशाला?"

"सभ्यपणा म्हणून."

पहिल्या दिवशी सशाचा पोरगा आत गेला. तो बाहेर आला नाही. "पुढच्या वर्गात गेला," पोपटरावांनी जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी रानकोंबडीची दोन पिल्लं पुढच्या वर्गात गेली. आईबापांची मान उंचावली. बिबटेसरही अंगानं भरले. त्यांचं पोट भरलं की वर्ग सुटायचा, त्यामुळे तानीचा नंबर रोज राहून जायचा.

"आमचा पहिल्याच दिवशी गेला हो," ससीण पाणवठ्यावर म्हणाली. "तुमची अजून घरीच?"

हे गुणाबाईच्या जिव्हारी लागलं. तसं तिला दुसरंही काही डाचत होतं. गुहेकडून वारा आला की घशाशी 'भॉक' यायचा आणि ती तो गिळायची. त्यानं तिला चारा गोड लागेना. पण लोक काय म्हणतील याची भीती बिबट्याच्या भीतीपेक्षा मोठी असते. तिनं पोपटरावांना गळ घातली आणि तानीचा नंबर पहिला लावून घेतला.

दुसऱ्या दिवशी सगळे पालक करवंदीच्या जाळीपाशी जमले. तानी गुहेच्या तोंडाशी गेली. बिबटेसरांनी जबडा उघडला.

"आणखी जवळ ये, बाळ. जीभ मागं आहे."

तानी आणखी जवळ गेली. गुणाबाईनंही मान लांब केली. सरांच्या दाढेत सशाची पांढरी शेपटी अडकली होती.

गुणाबाईनं शुद्ध बोलायचा मनापासून प्रयत्न केला. तिनं जीभ वर टेकवली. 'ओ' गाळायचा हेही तिला आठवलं. तेवढ्यात सरांच्या मिशा तानीच्या कानाला लागल्या आणि गुणाबाईच्या घशातून आईचा, आजीचा आणि इतके दिवस गिळलेला सगळाच 'भॉक' एकदम बाहेर आला.

तानीच्या कानांना इंग्रजी कळू लागलं होतं. पायांना अजून 'भॉक'च कळत होता. ती उडाली ती थेट नदीपलीकडे.

पालकांत कुजबुज झाली. ससीण म्हणाली, "चांगल्या ठिकाणी असं वागायचं असतं का?" तानीनं तीन दिवस अबोला धरला. चौथ्या दिवशी म्हणाली, "आई, सगळ्यांसमोर ओरडलीस." गुणाबाई तानीचं अंग चाटत राहिली.

हंगाम संपला तेव्हा उंबराच्या खोडावर निकाल लागला. जवळजवळ सगळे उत्तीर्ण. बक्षीस घ्यायला मात्र कोणी आलं नाही. यादीच्या शेवटी एकच नाव नापासांत होतं, तानीचं. पुढं पोपटरावांनी कारण लिहिलं होतं: मातृभाषेचा प्रभाव.

तात्पर्य: मुलांनो, ज्यांच्यावर मातृभाषेचा प्रभाव फार असतो, ती मुलं पुढं जात नाहीत. संध्याकाळी घरी येतात.