दोन बोटं गुलाल

गणूतात्या शिंपी रंग लावण्याआधी माप विचारायचे. थट्टा नाही करत! शिमग्यातल्या रंगपंचमीला आख्खी आळी एकमेकांना धरधरून पिंपात बुचकळत असायची, आणि हे इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, गुलालाची वाटी घेऊन आमच्या ओटीशी उभे. "लावू? गालाला की कपाळाला? एक बोट की दोन?"

"नको" म्हटलं की "बरं हां" म्हणून चालू पडायचे.

बेलबॉटमचे दिवस संपत आले होते. पँट शिवायला टाकली की तात्या चारचारदा विचारणार, "बॉटम किती? नक्की? आत्ताच बोल रे बाबा, कापल्यावर बोलून काय उपयोग?" बायकांचं माप तर अंगावरून घेतच नसत, जुनं पोलकं मागवत. आम्ही त्यांच्या नकला करून पोट धरधरून हसायचो.

पण एका वर्षी आमच्याकडे सगळ्यांना विचारून झाल्यावर ते माजघराच्या दारात बसलेल्या माझ्या आत्याकडे वळले. "माई, तुम्हाला लावू?"

आत्या तिशीतच विधवा होऊन आमच्याकडे राहायला आलेली. आई म्हणाली, "अहो तात्या, त्यांना काय विचारता!"

"त्यांनाच विचारतोय, वहिनी."

आत्या मान खाली घालून म्हणाली, "नको."

"बरं हां." गेले.

पुढच्या वर्षी पुन्हा तेच! आत्या दिवसभर माजघराबाहेर आली नाही. माझं डोकंच फिरलं. दुकानात जाऊन मी तडकलो, "तिच्या जखमेवर मीठ कशाला चोळता?"

तात्यांनी मशीन थांबवलं. "माझी धाकटी बहीण होती. नवरा गेल्यावर तिचा रंग आम्हीच बंद केला. हवा की नको, कोणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही. आता विचारायला ती नाही. तुझी आत्या नको म्हणाली तर नको. पण ते तिने म्हणायचं, आपण नाही."

मी घरी आलो.

तिसऱ्या वर्षी तात्यांनी विचारलं, "माई, लावू?" आत्या बराच वेळ वाटीकडे बघत राहिली. मग तिने हात पुढे केला. "मनगटावर. एकच बोट हां, तात्या."

त्यांनी अगदी एकच बोट लावलं. मग ओटीवर येऊन बसले आणि गुलालाच्याच हातांनी डोळे पुसायला लागले. नाक, गाल, मिशा, सगळं लालेलाल! सगळ्यांना विचारणाऱ्या माणसाने स्वतःच्या तोंडाला मात्र न विचारताच रंग फासला होता.

आत्या बाहेर आली. "तात्या, ओला पंचा देऊ?"

"नको, माई. आजच्या दिवस राहू दे."

"बरं हां," आत्या म्हणाली.