चौथ्या मजल्याचा सीमाप्रश्न

राष्ट्रं एकमेकांशी युद्ध का करतात, या प्रश्नावर जगभरातल्या विद्वानांनी भरपूर लिहून ठेवलं आहे. त्या सगळ्या लिखाणात एकच उणीव आहे. लिहिणाऱ्यांपैकी कोणीही बदलापूर पूर्वेला वन बीएचके घेतलेला नाही. मी घेतला आहे, त्यामुळे या विषयावर बोलण्याचा अधिकार मला आपोआप प्राप्त झाला आहे. (खाली मांडलेली मतं माझी वैयक्तिक आहेत. त्यांच्याशी सोसायटीचा काहीही संबंध नाही, असं सोसायटीने मला न विचारता कळवलं आहे.)

माझं नाव चिंतामणी. अंबरनाथच्या एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला अधिकारी होतो, आता निवृत्त आहे. आमच्या इमारतीचं नाव जिनिव्हा रेसिडेन्सी. शेजारी व्हिएन्ना आहे, मागे लुसर्न आहे आणि नाल्यापलीकडे टस्कनीचं काम परवानगीअभावी थांबलेलं आहे. या मूळ गावांना जाऊन आलेला माणूस आमच्या भागात एकही नाही, आणि असता तर त्याने इथे घर घेतलं नसतं, त्यामुळे नावांबद्दल कोणाची तक्रार नसते.

आता मूळ मुद्दा. युद्धाचं कारण धर्म नाही, तेल नाही, राजकारण्यांचा तापट स्वभावही नाही. युद्धाचं कारण सुपर बिल्ट-अप एरिया हे आहे.

घर घेताना आपण सहाशे वीस चौरस फुटांचा फ्लॅट घेतो आणि आत गेल्यावर तो तीनशे नव्वदचा निघतो. उरलेले कुठे गेले असं विचारलं, की बिल्डर प्रेमाने सांगतो, "ते जिन्यात, लिफ्टमध्ये आणि लॉबीत आहेत. तुमचेच आहेत ते साहेब. फक्त तिथे राहता येत नाही." (हल्ली कायदा बदलला आहे म्हणतात. माणसांना बदलायला अजून वेळ लागेल.) राष्ट्रांचं तंतोतंत असंच असतं. प्रत्येक राष्ट्र कार्पेट एरियात राहतं आणि नकाशात सुपर बिल्ट-अप रंगवतं. शाळेत मुलांना दुसरा आकडा शिकवतात. मुलं मोठी होतात आणि उरलेले चौरस फूट शोधायला बाहेर पडतात.

मी निवृत्तीनंतर पहिल्याच आठवड्यात बाहेर पडलो. बाहेर म्हणजे पॅसेजमध्ये. टेप आणि खडू घेऊन मी आमच्या मजल्याची लॉबी मोजली, तिला चार फ्लॅट्सनी भागलं, आणि माझ्या दारासमोरचा चार फुटी पॅसेज जवळजवळ पूर्ण माझाच आहे असं सिद्ध केलं. समोर चारशे दोनमध्ये सुजित राहतो. पवईला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, हुशार मुलगा. त्याने हेच गणित एक्सेलमध्ये केलं होतं आणि पॅसेज त्याचा निघाला होता. दोघांचंही गणित बरोबर होतं. हिशेब चुकल्यामुळे युद्धं होतात हा एक गैरसमज आहे. दोन्ही बाजूंचा हिशेब बरोबर असल्याखेरीज युद्ध उभंच राहत नाही.

सुरुवात अत्यंत शांततापूर्ण झाली. सुजितने दाराबाहेर चपलांचा स्टँड ठेवला. छोटासा, दोन कप्प्यांचा. आक्रमण म्हणता येणार नाही असा. पण दोन दिवसांनी माझी पत्नी पद्मजा आत येऊन हलक्या आवाजात म्हणाली, "अहो, त्यांच्या बुटाची नाडी आपल्या फरशीवर आलीये."

मी जाऊन पाहिलं. आली होती.

त्याच संध्याकाळी मी उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये जितेशशेठच्या फर्निचरच्या दुकानात गेलो. जितेशशेठ हा शांतताप्रिय माणूस. दुकानात अगरबत्ती, गल्ल्यामागे झुलेलालची तसबीर, बोलणं साखरेसारखं. मी तीन कप्प्यांचा स्टँड मागितल्यावर तो म्हणाला, "साहेब, जिनिव्हा ना? चौथा माळा? आपके सामनेवाले आत्ताच फोटो बघून गेले तीन कप्पेवाल्याचा. तुम्ही चारवाला घ्या. प्लाय मजबूत है, पचास साल हिलेगा नहीं."

मी चारवाला घेतला. पुढच्या रविवारी सुजितकडे पाच कप्प्यांचा आला. दोन्ही वेळा टेम्पो एकच होता आणि माल वर चढवणारेही तेच. जगातल्या कुठल्याही संघर्षात दोन्ही बाजूंना सारखंच आपलं मानणारा एवढा एकच माणूस असतो, आणि शांततेचं पारितोषिक देताना त्याचा विचार का होत नाही हे मला कळत नाही.

एवढे कप्पे आल्यावर ते भरावे लागतात. आमच्या घरात माणसं दोन. पद्मजाने माळ्यावरून आमच्या लग्नातली तिची मोजडी काढली, माझे कारखान्यातले सेफ्टी शूज काढले, आणि मुलगा वरद पुण्याला जाताना टाकून गेलेले फुटबॉलचे बूट काढले. ही पादत्राणं कोणी घालत नाही. ती सीमेवर तैनात असतात. आठवड्यातून एकदा मी त्यांना पॉलिश करतो, म्हणजे समोरच्याला ती वापरात आहेत असं वाटतं.

यानंतर धर्म आला. लक्षात घ्या, धर्म नंतर आला, आधी जागा आली. स्टँड हलवता येतो, पण तुळशीची कुंडी हलवा असं म्हणायला माणसाला दहा वेळा विचार करावा लागतो, म्हणून स्टँडच्या पुढे मी तुळस ठेवली. सुजितने यावर अतिशय अभ्यासपूर्ण उत्तर दिलं. त्याने तुळशीपासून चार बोटांवर, फरशीवर लक्ष्मीच्या पावलांचं स्टिकर चिकटवलं. त्यावर पाय देता येत नाही. अशा रीतीने एका पैशाचंही लाकूड न वापरता त्याने दीड फूट भूभाग ताब्यात घेतला, आणि मी मनातल्या मनात त्याला दाद दिली.

मग दोघांनी सेफ्टी डोअर बसवलं. सेफ्टी डोअर नेहमी बाहेरच्या बाजूला उघडतं, आणि ते जेवढ्या अर्धवर्तुळात फिरतं तेवढा प्रदेश सुरक्षिततेच्या दृष्टीने महत्त्वाचा मानला जातो. जगातला प्रत्येक देश आपलं सेफ्टी डोअर दुसऱ्याच्या अंगणात उघडतो आणि ते केवळ चोरांसाठी आहे असं सांगतो. आमच्या मजल्यावर आजवर चोर आलेला नाही. सध्याच्या परिस्थितीत त्याला येताही येणार नाही.

चारशे चारचा फ्लॅट बंद असतो. त्याचे मालक ठाण्याला राहतात आणि आमच्या मजल्याच्या ग्रुपवर अधूनमधून चिंता व्यक्त करतात. दोन्ही बाजूंनी संयम पाळावा, असं लिहून ते खाली जोडलेल्या हातांचं चित्र टाकतात. त्यांच्याबद्दल सर्वांना आदर आहे.

राहिला चारशे तीन. तो पॅसेजच्या टोकाला आहे, आणि लिफ्ट आमच्या बाजूला. तिथे कौसाबाई राहतात, मुलगा संतोष आणि सून किर्ती यांच्यासोबत. जिनिव्हा ज्या जमिनीवर उभं आहे ती कौसाबाईंची भातशेती होती. बिल्डरने मोबदल्यात इतर गोष्टींबरोबर हा फ्लॅट दिला, आणि शेताच्या बांधावरचं उंबराचं झाड तसंच ठेवून माहितीपत्रकात त्याचा उल्लेख 'निसर्ग' असा केला. रोज संध्याकाळी कौसाबाई खाली जाऊन त्या निसर्गाखाली बसायच्या. येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारायच्या, पोरांना ओरडायच्या. भाद्रपदात त्या न्हाणीघरात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, चाकाची खुर्ची आली. डॉक्टर म्हणाले, यांना रोज खाली न्या, बोलू द्या माणसांशी, नाहीतर या अंथरूण धरतील.

खुर्ची पंचवीस इंच रुंद होती. माझा स्टँड आणि सुजितचा स्टँड यांच्यामध्ये एकोणीस इंच उरले होते.

किर्ती माझ्याकडे आली. "काका, आईंची खुर्ची जात नाही हो. दोघांनी थोडंथोडं सरकवलंत तर होईल."

"अगं, माझी केव्हाही तयारी आहे," मी म्हणालो. "आत्ता म्हणालीस तर आत्ता. फक्त आधी सुजितने सरकवायला हवं."

ती समोर गेली. सुजितचा आवाज मला आतपर्यंत ऐकू येत होता. "ताई, मी तर रेडीच आहे ना! मेरेको क्या प्रॉब्लेम है? काकांना बोला, पहले वो हटाएं, मी दोन मिनिटांत काढतो."

म्हणजे दोन्ही पक्ष शांततेसाठी पूर्णपणे तयार होते. बातम्या लावून पाहा, आजही जगात सगळीकडे हीच आशादायक परिस्थिती आहे. किर्ती बिचारी तीन वेळा इकडून तिकडे गेली आणि शेवटी सोसायटीच्या सेक्रेटरी वृंदाताईंकडे गेली.

वृंदाताईंनी शांतता परिषद बोलावली. परिषद कुठे घ्यायची यावर वाद झाला. मी सुजितकडे जाणार नव्हतो आणि तो माझ्याकडे येणार नव्हता. तटस्थ भूमी म्हणून कौसाबाईंच्या घरी घ्यायचं ठरलं. तिथे जाताना आम्हाला एकामागोमाग एक आडवं चालावं लागलं. किर्तीने सगळ्यांना चहा दिला, सोबत तांदळाचे घावन दिले. घावन उत्तम होते. संतोषची दुसरी पाळी होती, त्यामुळे तो नव्हता. कौसाबाई खुर्चीत बसून आळीपाळीने आमच्या तोंडांकडे पाहत होत्या.

दोन तासांच्या चर्चेनंतर करार झाला. कोणीही नवीन कप्पा वाढवणार नाही. आजवर जे जिथे आहे ते तिथेच राहील. तुळस आणि पावलं यांचा मान राखला जाईल. भविष्यात सरकू नयेत, आणि त्यावरून पुन्हा तंटा होऊ नये, म्हणून दोन्ही स्टँड भिंतीत बोल्ट मारून पक्के करण्यात येतील. मी आणि सुजितने हात मिळवले. वृंदाताईंनी फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि ठाण्याहून लगेच जोडलेले हात आले.

तेवढ्यात कौसाबाई म्हणाल्या, "मंग मी खाली कवा जाव?"

वृंदाताईंनी समजुतीच्या स्वरात सांगितलं, की दर रविवारी पाच ते सहा मानवतेच्या दृष्टीने मार्ग मोकळा करण्यात येईल. त्यासाठी आदल्या दिवशी कळवावं.

"आवं, मोकला कसा करनार? तुमी तर त्ये भितीला ठोकताय," कौसाबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "चिंतामणभाऊ, हिते माजा शेत व्हता. समदा गाव बांधावरशी जायाचा, कुनाची गाडी, कुनाची गुरा. कुनाला कदी नको बोलली नाय मी. आन मना आता माजे झाडाखाली जाव देत नाय तुमी?"

त्यांचा आवाज शेवटी कापला आणि किर्तीने तोंड फिरवलं. मला वाईट वाटलं. अगदी खरोखर वाटलं, हातातला घावन मी बशीत परत ठेवला. सुजितही खाली बघत होता. पण वाईट वाटणं आणि स्टँड हलवणं ही दोन वेगळी खाती आहेत, आणि दोघांनी एकाच वेळी वाईट वाटून घेतलं असल्यामुळे बाजू सारख्या झाल्या होत्या. वृंदाताई म्हणाल्या, हा मुद्दा आजच्या विषयात येत नाही. त्यावर आमचं दोघांचंही एकमत झालं. वर्षभरातलं ते आमचं पहिलं एकमत, म्हणून पद्मजाने घरी गेल्यावर शिरा केला.

सोमवारी जितेशशेठचा माणूस बोल्ट मारून गेला. एकाच फेरीत दोन्हीकडचे झाले, त्यामुळे त्याने दोघांनाही सूट दिली.

पहिल्या रविवारी किर्तीने कळवलं होतं, पण वृंदाताई शिवमंदिरात अभिषेकाला गेल्या होत्या आणि त्यांच्याशिवाय मार्ग मोकळा करण्याचा अधिकार कोणाला नव्हता. दुसऱ्या रविवारी तुळस आत घेतली, पावलांवर कौसाबाईंच्या खुर्चीचं चाक चालेल का यावर विचारविनिमय झाला, आणि बोल्ट निघेनात हे लक्षात आलं. संतोष म्हणाला, मी आईला उचलून नेतो. कौसाबाई म्हणाल्या, "नको. मना प्रेतावानी नको नेव." तिसऱ्या रविवारी किर्तीने कळवलं नाही. त्यानंतरही नाही. कौसाबाई आता स्वयंपाकघराच्या खिडकीशी असतात. उंबर दुसऱ्या बाजूला आहे. या खिडकीतून व्हिएन्नाची भिंत दिसते.

तेव्हापासून चौथ्या मजल्यावर संपूर्ण शांतता नांदते आहे. कोणाची तक्रार नाही, आवाज नाही. सोसायटीच्या वार्षिक सभेत आमच्या मजल्याचं अभिनंदन झालं, आणि दुसऱ्या व सहाव्या मजल्याने आमच्या कराराची प्रत मागून नेली.

हे वाचून तुमच्यापैकी काही जण हळहळले असतील. कौसाबाईंसाठी नाही म्हटलं तरी जीव कळवळतो, माझाही कळवळतो. काही जण दार उघडून आपल्या बाहेरच्या स्टँडकडे एक नजर टाकतील आणि म्हणतील, आमची गोष्ट वेगळी आहे, आमच्या मजल्यावर खुर्चीतून न्यावं लागेल असं कोणी नाहीच. बरोबर आहे तुमचं. आमच्याही मजल्यावर हल्ली कोणी दिसत नाही.