साळवेमामांची सही

आमच्या शेजारचे साळवेमामा माणसाला नावानं ओळखत नाहीत, बर्थनं ओळखतात. नवीन कुणी समोर आलं की ते त्याला नीट न्याहाळून त्याची जागा ठरवून टाकतात. आमचे पोस्टमास्तर अप्पर. एकदा वर गेले की खालच्या जगाशी त्यांचा संबंध संपला. सरपंच मिडल. स्वतः आडवे झाले की दुसऱ्या कुणाला ताठ बसू देत नाहीत. माझे मिस्टर वेटिंग लिस्ट. "लग्नाला वीस वरसं झाली, पन मानूस अजून कन्फर्म न्हाई," असं मामांनी त्यांच्यासमोरच सांगितलं होतं. मी साईड लोअर, कारण जो येतो तो जरा सरका म्हणतो आणि मी सरकते. मला ते बरेच दिवस कौतुक वाटत होतं.

मामा रेल्वेत टीसी होते. सारी नोकरी रात्रीच्या गाड्यांच्या स्लीपर डब्यात गेली. रिटायर झाल्यावर पुणतांब्याला स्टेशनाजवळच दोन खोल्या बांधल्या आणि मामी गेल्यापासून त्या दोन खोल्यांत ते एकटे असतात. पण रेल्वेचा कायदा त्यांच्या अंगातून गेलेला नाही. माझ्या मुलीच्या वाढदिवसाला पाहुणे गप्पांत रंगले असताना दहाच्या ठोक्याला मामा उठले आणि म्हणाले, "चला, दहा वाजले. मिडल लावा, दिवे घालवा." आणि खरंच बटण बंद केलं. अंधारात माझी नणंद चप्पल शोधत होती. ती अजून तो विषय काढते.

बसून जायच्या गाड्यांवर त्यांचा भारी राग. बसायचंच तर घरी बसावं, त्याला तिकीट कशाला, असं त्यांचं म्हणणं. शिर्डीचं विमान डोक्यावरून गेलं तर वर बघतसुद्धा नाहीत. आणि रात्रीच्या गाडीचे स्लीपरचे डबे कमी व्हायला लागले, तसे ते रोज रात्री फलाटावर जाऊन डबे मोजायला लागले. एखादा कमी दिसला की घरी येऊन जेवत नसत. मी भाजी घेऊन गेले तर भांडं तसंच परत येई. मला हसू यायचं आणि रागही यायचा.

मागच्या वर्षी दिवसाची नवी वेगवान गाडी येणार असं कळलं. सगळं गाव हरखलं. तिला आपल्या स्टेशनात थांबा मिळावा म्हणून अर्ज लिहिला गेला आणि पहिली सही रेल्वेच्या माणसाची हवी असं ठरलं. मामांनी नाही म्हणून सांगितलं. सरपंच येऊन गेले, पेरूवाले बागाईतदार येऊन गेले, मामा जागचे हलले नाहीत. गावात त्यांना वेडा म्हणायला लागले. शेवटी साईड लोअरला पाठवलं.

मी जरा तावातच गेले. गावाच्या भल्याच्या आड का येता, असं तोंडावर विचारलं. मामांनी चहाचा कप खाली ठेवला.

"ताई, सुनीता रातच्या गाडीनं येती," ते म्हणाले. "सकाळी साडेसहाला उतरती. माघारी जायाला रातच्या साडेनऊशिवाय गाडी न्हाई. म्हंजे दिवसभर तिला माझ्याकडं ऱ्हावंच लागतं. ही नवी आली की अकराला येईल आन् तीनच्या गाडीनं जाईल. तिला सोय हुईल वो. पन माझा दिवस जाईल."

सुनीता त्यांची एकुलती एक मुलगी. अकोल्याला नर्स आहे, दोन महिन्यांतून एक सुट्टी जुळवून येते. डबे मोजण्याचं कारण इतकं साधं असेल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. कागद न उघडताच मी परत आले.

चार दिवसांनी मामाच आमच्या दारात उभे. सुनीताचा फोन आला होता. रात्रभर गाडीत काढून तसंच ड्यूटीवर उभं राहायचं, तिची कंबर फार दुखते म्हणे. ती आजवर कधी बोलली नव्हती. मामांनी कागद मागितला, पहिल्या ओळीत सही केली आणि घरी गेले.

थांबा मिळाला. पहिल्याच महिन्यात सुनीता नव्या गाडीनं आली. मामांनी सकाळपासून पुरणाचा घाट घातला होता, मला दोनदा कृती विचारून गेले. अडीचला मी पेरूची पिशवी घेऊन निरोप द्यायला गेले, तर दार नुसतं लोटलेलं. जेवून सुनीता जराशी कलंडली होती ती गाढ झोपली होती. बॅग भरून उशाशी ठेवलेली. मामा पायाशी स्टुलावर बसले होते. मला बघून त्यांनी ओठावर बोट ठेवलं.

मी घड्याळाकडं खूण केली. त्यांनी नको म्हणून मान हलवली. पिशवी मांडीवर घेऊन मीही उंबऱ्यावर टेकले. दहा मिनिटं गेली, पंचवीस गेली. उठवावं असं मला वाटत होतं आणि मी उठवलं नाही. मग गाडी आली, मिनिटभर थांबली, निघाली. आवाजानं सुनीता जरा हलली. मामांनी तिच्या पायावर हात ठेवला, तशी ती पुन्हा शांत झाली.

ते हळूच माझ्याकडं वळले. उठल्यावर मुलगी रागावणार, याची भीती त्यांच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होती.

"रातची हाय अजून," ते पुटपुटले.