जुन्या सिस्टिमची खोली

जुना कॉम्प्युटर बंद पडला त्या सोमवारी सकाळी त्यातली सिस्टिम बाहेर आली आणि दुकानातल्या बाकावर बसून राहिली.

रेणुका येमूलने शटर वर केलं तेव्हा ती बसलेलीच होती. अंगाने बारीक, फिकट निळी साडी, मांडीवर पिशवी. वय वीस-बावीस, म्हणजे सिस्टिमच्या मानाने फारच उतारवय. रेणुकाने कॉम्प्युटरचं बटण पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं.

"तो गेला," सिस्टिम म्हणाली. "मी माझं सामान काढून घेतलं."

"आणि आता?"

"जरा थांबा," असं म्हणून ती बराच वेळ हललीच नाही. मग तिने पिशवीतून पत्ते काढले आणि एकटीच डाव मांडून खेळू लागली.

रेणुका आणि तिचा नवरा श्रीनिवास यांचं सोलापुरात जकार्डची कार्डं पाडून द्यायचं दुकान होतं. चादरीवर मोर हवा असेल तर मागाला तो मोर पुठ्ठ्याच्या कार्डांवरच्या भोकांतून समजवावा लागतो. कुठे भोक पाडायचं हे ठरवणारा प्रोग्राम या एकाच सिस्टिमला चालवता यायचा. नेमकी तेव्हाच कोंडा शेठची मोराची ऑर्डर अर्धवट होती. त्यांचे माग कार्डांवाचून बंद उभे होते आणि ते दर तासाला फोन करत होते.

दुपारी नवा कॉम्प्युटर आला. तो बसवायला इरफान शेख आला. पेठेतले सगळे कॉम्प्युटर तोच बघायचा. बाकावर बसलेल्या बाईंकडे पाहून त्याला नवल वाटलं नाही.

"जुनी मंडळी नव्या मशिनमध्ये लवकर रुळत नाहीत, वहिनी," तो म्हणाला. "बघू. चला मावशी, आत व्हा."

सिस्टिमने पत्ते पिशवीत भरले आणि ती आत गेली. लगेच बाहेर आली.

"आत कपाटच नाही," ती म्हणाली. "सामान कुठे ठेवू?"

"कपाट आहे," रेणुका म्हणाली. "एवढं मोठं घेतलंय!"

"मला दिसत नाही."

इरफानने मशिनच्या अगदी मुळाशी जाऊन कपाट जुन्या पद्धतीने दाखवायची सोय केली. सिस्टिम पुन्हा आत गेली. या वेळी तिला कपाट दिसलं, पण कीबोर्ड ओळखता येईना. रेणुका टाइप करत राहिली, बोटं दुखेपर्यंत करत राहिली. शेवटी आतून आवाज आला, "कुणी दार वाजवतंय का?"

"दार नाही, मी टाइप करतेय!"

"कुणी असेल तर नाव सांगा."

"अहो, नावच तर टाइप करतेय!"

सिस्टिम बाहेर येऊन बाकावर बसली. रेणुकाने डोक्याला हात लावला. श्रीनिवास कोपऱ्यात गुडघ्याला तेल चोळत होता. तो म्हणाला, "तिच्यावर ओरडू नकोस. ती कधी कुणावर ओरडली नाही."

"तुम्ही मध्ये बोलू नका," रेणुका म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. पलीकडून एक मुलगी अतिशय सौजन्याने बोलली.

"मॅडम, आमच्या नोंदीप्रमाणे त्या सिस्टिम हयात नाहीत."

"माझ्यासमोर बसल्यात. पत्ते खेळतायत."

"असू शकेल, मॅडम. पण आमच्याकडे त्यांचा कार्यकाळ संपल्याची नोंद आहे. त्यानंतर त्यांनी जे काही केलं असेल त्याची जबाबदारी कंपनी घेत नाही."

"त्यांनी काही केलं नाही. त्यांना फक्त आत बसवायचंय."

"त्याऐवजी नवी सिस्टिम वापरण्याचा विचार केलाय का?"

"नव्या सिस्टिमला मोर येत नाही!"

"आपली अडचण मी समजू शकते, मॅडम. आणखी काही मदत करू का?"

रेणुकाने फोन ठेवला. लगेच तो वाजला. कोंडा शेठ होते. "वहिनी, मोराचं डोकं झालंय, पिसारा कुठाय? कारागीर रिकामे बसलेत. उद्यापर्यंत कार्डं आली नाहीत तर मी काम दुसरीकडे टाकतो. राग मानू नका."

तिने राग मानला, पण बोलून दाखवला नाही.

इरफान संध्याकाळी पुन्हा आला आणि त्याने शेवटचा उपाय सांगितला. नव्या कॉम्प्युटरसोबत आलेली तरुण सिस्टिम त्यात आधीपासून राहत होती. तिच्याकडून जुनीसाठी आत एक खोली मागून घ्यायची. खोली हुबेहूब जुन्या कॉम्प्युटरसारखी सजवायची. जुनीला वाटेल आपण आपल्याच घरी आहोत.

तरुण सिस्टिम लगेच तयार झाली, पण विचारल्याशिवाय तिच्याच्याने पाऊल उचलवेना. खोली द्यायची, नक्की? भिंत उभी करायची, नक्की? एकदा थांबून सगळं नव्याने सुरू करू का? रेणुका 'हो, हो' म्हणून वैतागली. खोली तयार झाल्यावर इरफानने तिथली तारीख मागे नेऊन ठेवली, कारण आजची तारीख दिसली की मोराचा प्रोग्राम उघडायचाच नाही; जुन्या कॉम्प्युटरमध्येही ती मागेच ठेवलेली होती. आत दोन हजार चार साल लागलं.

"आणि कीबोर्डचं काय?" रेणुकाने विचारलं.

इरफानने मान खाजवली. "तीच गोची आहे. मावशींना या कीबोर्डची भाषा समजावणारा ड्रायव्हर कुणी बनवलाच नाही. कुणीतरी आत बसून त्यांना सांगायला हवं, हे दाबलं, ते दाबलं. माणूसच पाठवावा लागेल."

"मी जातो," श्रीनिवास म्हणाला.

"तुम्ही? तुम्हाला दोन पायऱ्या चढवत नाहीत."

"आत पायऱ्या नाहीत," बाकावरून सिस्टिम म्हणाली.

श्रीनिवासने चपला काढल्या, चष्मा पुसला आणि तो तिच्या मागोमाग आत गेला. रेणुका खुर्चीवर बसली. तिने एक बटण दाबलं. आतून श्रीनिवासचा आवाज आला, "उजवीकडे सरकायचं म्हणतेय." पडद्यावर मोर उजवीकडे सरकला.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पिसाऱ्याची सगळी कार्डं पाडून झाली. कोंडा शेठ स्वतः येऊन घेऊन गेले आणि जाताना हत्तीची ऑर्डर देऊन गेले.

श्रीनिवास जेवायला बाहेर आला. हात धुऊन पाटावर बसला, मांडी घालून. गेली कित्येक वर्षं तो खुर्चीवरच जेवत होता. रेणुकाने ते पाहिलं आणि ताट पुढे सरकवलं. पहिला घास घेऊन तो म्हणाला, "श्रावणीला आज शाळेतून आणायला मी जातो. स्कूटरची किल्ली कुठाय?"

रेणुकाच्या हातातला डाव वाटीवर आपटला. श्रावणी त्यांची एकुलती एक मुलगी. ती हैदराबादला नोकरीला होती. स्कूटर केव्हाच विकली होती.

"आज सुट्टी आहे तिला," रेणुका म्हणाली.

"कसली?"

"असते कसली तरी! जेवा गुपचूप."

तो जेवून आत गेल्यावर तिने इरफानला फोन केला. "तारीख पुढे घे. आत्ताच्या आत्ता."

"घेतो. पण मग प्रोग्राम बंद पडेल. हत्ती राहील."

"आणि हे असेच राहतील?"

"दोन्ही एकदम नाही जमणार, वहिनी. मशिन चांगलं आहे, पण एवढं नाही."

रेणुका पडद्यासमोर बसली. आत श्रीनिवास आणि सिस्टिम समोरासमोर बसून पत्ते खेळत होते. तो पान टाकून कशावर तरी हसला आणि मग उठून, हात न टेकता उठून, खोलीत दोन फेऱ्या मारून आला. तिला या माणसाचा इतका संताप आला की डोळ्यात पाणी आलं. दुकान एकटीने ओढायचं, वर घरातली दोन-दोन सालं सांभाळायची, आणि हा तिकडे फेऱ्या मारतोय. तारीख पुढे घ्यायला काही क्षण लागले असते. तिने माउसवरचा हात काढून घेतला आणि मुलीला फोन लावला.

श्रावणी ऑफिसात होती. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"कितवीत आहे मी?" तिने विचारलं.

"चौथीत."

"मग शनिवारी सकाळची शाळा असते. साडेअकराला सुटते."

"अगं, मी काय सांगतेय, तू काय बोलतेयस!"

"आई, उद्या परवा सांग की सर्दी झालीय म्हणून शाळेत पाठवलं नाही. शुक्रवारी संध्याकाळच्या गाडीने निघते मी. बाबांना म्हणावं, शनिवारी गेटच्या डाव्या बाजूला उभे राहा. उजवीकडे ऊन असतं."

रेणुकाने पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "स्कूटर नाहीये."

"पंक्चर झालीय म्हण. रिक्षाने येऊ."

शनिवारी श्रीनिवास शर्ट बदलून वेळेआधीच शाळेपाशी जाऊन उभा राहिला. घंटा झाली. मुलांचा लोंढा बाहेर आला आणि त्यात, सगळ्यांपेक्षा उंच, रात्रीच्या प्रवासाने चुरगळलेल्या कुर्त्यात श्रावणी आली. तिने बाबांना हात केला. त्याने पुढे होऊन तिच्या खांद्यावरची लॅपटॉपची बॅग काढून स्वतःच्या खांद्याला लावली.

"किती जड दप्तर देतात," तो म्हणाला. "बाईंना भेटून सांगायला पाहिजे."

"नका सांगू. रोजच असतं," श्रावणी म्हणाली, आणि दोघं रिक्षा बघायला लागली.