स्वागताचं चीज

पाहुण्यांसाठी टेबलावर काहीतरी ठेवावं, एवढंच मी ठरवलं होतं. मी आयुष्यात फार कमी गोष्टी स्वतःहून ठरवतो. त्यातली ही एक, आणि म्हणूनच आज इतका दमलोय.

फ्रान्समधल्या दिजाँ शहराच्या जुन्या भागात, चर्चच्या मागे आम्ही राहतो. आमच्या खालचं घर माझ्या बायकोच्या, ओदीलच्या, सोलांज मावशीचं. मावशी गेल्यापासून ते रिकामं होतं, आणि ओदीलला तिथे आपल्या आईला आणायचं होतं. मी (तीस वर्षं पोस्टात काढलेला माणूस, वाद घालायची ताकद तिथल्या खिडकीवरच संपलेली) कसंबसं म्हणालो, "सुट्टीवर येणाऱ्यांना सामानासकट भाड्याने देऊन बघू की!"

"बघ," ओदील म्हणाली. "पहिल्या पाहुण्यांनी पाच तारे दिले तर ठीक. नाहीतर आई येते."

मग काय, मी राबलो! अठ्ठावन्न पायऱ्यांवरून गाद्या चढवल्या. (इमारत ऐतिहासिक, म्हणून लिफ्ट नाही. माझे गुडघेही ऐतिहासिक, पण त्यांची नोंद कुठेच नाही.) शुक्रवारी शेवटचा हात म्हणून एप्वासचं, म्हणजे आमच्याकडचं मऊ, उग्र वासाचं, एक अख्खं चीज आणलं. फ्रिजमध्ये ठेवायचं? छे! पिकलेलं चीज गार करणाऱ्या माणसावर मी तरी विश्वास ठेवत नाही. डबी उघडून ताटलीत ठेवलं, ऊन नको म्हणून खिडक्यांच्या झडपा लावल्या आणि निघालो.

पाहुणे नॉर्वेचे, हाल्वोरसेन नवरा-बायको. त्यांचं विमान चुकलं. शनिवारऐवजी रविवारी दुपारी आले आणि दाराजवळच्या पेटीतून किल्ली घेऊन आत गेले. तोवर ऑगस्टच्या उकाड्यात चीज दोन दिवस घरात एकटंच होतं.

आम्ही वर नुकते जेवायला बसलो होतो. फोन वाजला. मी उठणार, तोच ओदीलने नुसतं बघितलं. आमच्याकडे बारा ते दोन सरकार कोसळलं तरी ते कॉफीनंतर कळतं. फोन पाच वेळा वाजला. मग खाली भोंगा ऐकू आला.

"कुणाकडे काय झालं असेल, बिचारे!" असं म्हणत ओदीलने आणखी थोड्या शेंगा वाढून घेतल्या.

एवढ्यात दार वाजलं. बाहेर अग्निशमन दलाचा जवान आणि त्याच्यामागे पांढराफटक पडलेला हाल्वोरसेन.

"खालच्या घरात कुणी मेलंय का हो?" जवानाने विचारलं.

"सोलांज मावशी. पण ती दोन वर्षांपूर्वी, आणि इस्पितळात."

"मी तुम्हाला पाच वेळा फोन केला!" हाल्वोरसेन ओरडला.

"आम्ही जेवत होतो," मी म्हणालो. जवानाने मान डोलावली. त्याला ते लगेच पटलं.

खाली गेलो. चीज ताटली सोडून टेबलाच्या कडेपर्यंत पोचलं होतं. जवानाने वाकून वास घेतला, शिरस्त्राण काढलं आणि हळूच माझ्या कानाशी लागला, "कुठल्या दुकानातलं?"

हाल्वोरसेन मंडळी हॉटेलात गेली. तारा एकच मिळाला. (तोही पडद्यांसाठी.)

आता माझी सगळी भिस्त त्या वासावर. ओदील खिडक्या उघडायची, मी गुपचूप लावायचो. आठ दिवसांनी सासूबाई आल्या. एक्याऐंशी वर्षांच्या, पण नाक तिखट. मी दार सताड उघडलं आणि बाजूला झालो. त्या उंबऱ्यावरच थबकल्या, डोळे मिटले, लांब श्वास घेतला. मी त्यांची बॅग पुन्हा जिन्याकडे वळवली.

"ओदील," त्या म्हणाल्या, "तीस वर्षांत आज पहिल्यांदा हा माणूस मला आवडला गं!" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "जावईबुवा, बॅग आत आणा. दर शनिवारी असंच एक आणत चला. आणि रोज जेवायला माझ्याकडेच यायचं हं, बरोबर बारा वाजता."

तेव्हापासून रोज बारा ते दोन मी त्यांच्यासमोर बसलेला असतो. आणि फोन वाजला तरी उठायची सोय नाही.