गळ्यातले चार दाणे

सिद्रामप्पांना मी थोबाडीत मारली. ती माझी चूक होती, हे आधीच कबूल करतो.

सिद्रामप्पा आमचे शेजारी, दवाखान्यात कंपाउंडर. भेटेल त्याच्या गालावर, कानापुढं, टिचकी मारायची आणि ओठाकडं टक लावून बघायचं, ही त्यांची खोड. सोलापुरातला टांगेवाला सुटला नाही की मामलेदार. ओठ हलला नाही की खूष होऊन म्हणायचे, "दाणे जागे हायत."

"कसले दाणे, आप्पा?" मी एकदा विचारलं.

"गळ्यात मागल्या अंगाला चार असतात की मास्तर, मसुराएवढे. त्यांचा रस रक्तात उतरतो. रक्तातला चुना कमी पडला की त्यो रस हाडाला म्हणतो, सोड थोडा. मूत्रपिंडाला म्हणतो, वाया घालवू नको. दाणे गेले की चुना उतरला, अन् नसा पिसाळल्या. मग नुसत्या टिचकीनं ओठ उडतो."

"मग मी पानाला चुना जास्त लावतो," मी म्हणालो. कट्ट्यावर बसलेले सगळे हसले. आप्पाही हसले.

त्याच वर्षी माझ्या बायकोच्या, यमुनेच्या, गळ्यावरची गाठ बाहेरगावी कापून काढली. घरी आल्यावर दोन दिवसांनी तिच्या हातांना मुंग्या आल्या. मग पाची बोटं बांगड्या भरताना जुळतात तशी जुळून ताठली. आळीतल्या बायका म्हणाल्या, अंगात देवी आली. त्यांनी तिची ओटी भरली. मी नारळ फोडला.

आप्पा बायकांतून वाट काढत आत आले आणि तिच्या गालावर टिचकी मारली. ओठ उडाला.

"मास्तर, गाठीसंगं दाणे बी गेले हिचे. डॉक्टरला आणतो. शिरेत चुन्याची सुई द्याय पायजे."

परक्या पुरुषानं माझ्या बायकोच्या गालाला हात लावला, तोही अंगात देवी असताना, एवढंच मला दिसलं. मी त्यांना थोबाडीत मारली आणि बाहेर काढलं. ते डॉक्टरांना घेऊन आले. मी कडी काढली नाही. गिरणीचा भोंगा झाला तेव्हा तिचा घसा आवळला, आणि ती गेली.

तेराव्यानंतर त्यांच्याकडं गेलो. त्यांनी बसायला घोंगडं टाकलं.

"माझी बायकू, गौरव्वा, अशीच गेली," ते म्हणाले. "मी तर देवी आली म्हणून तिच्या पाया पडत हुतो. दोन वर्सांनी डॉक्टरांनी विलायती मासिक वाचून दाखवलं, तवा कळलं. तवापासनं टिचक्या मारतोय, एक तरी घावंल म्हणून." मग म्हणाले, "दार मोडाय पायजे हुतं मी."

मी त्यांचे पाय धरले. "आप्पा, तुम्ही दार ठोठावत होता ते मला ऐकू येत होतं. माझं चुकलं."