हँडब्रेकची पूर्वपाहणी

सात नंबरच्या पार्किंगमधली निळी गाडी मंगळवारी सकाळी आपण होऊन वीतभर मागे सरकली आणि सोसायटीच्या अध्यक्षांच्या कुंडीला टेकली. कुंडी फुटली नाही. कुंडीतलं झाड आधीच वाळलेलं होतं, त्यामुळे त्याचंही काही बिघडलं नाही. गाडीच्या मालकाने गाडी पुढे घेतली असती आणि मागच्या चाकाला एक दगड लावला असता, तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण प्रकरणं अशी जागच्या जागी मिटायला लागली, तर कमिट्यांनी दिवसभर करायचं काय?

गाडीचे मालक म्हणजे त्रुटीकाका. हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. काका एका सरकारी कचेरीत चौतीस वर्षं नोकरीला होते आणि शेवटची वीस वर्षं मुख्य लिपिक होते. लोकांचे अर्ज त्यांच्या टेबलावर यायचे आणि लाल शाईत ‘त्रुटी : तीन’ असा शेरा घेऊन परत जायचे. बिनत्रुटीचा अर्ज त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिला. तो त्यांच्या स्वतःच्या रजेचा होता, आणि त्याबद्दलही मनात शंका राहिल्यामुळे त्यांनी रजा घेतली नाही. इमारतीत बासष्ट बिऱ्हाडं, त्यातल्या निम्म्यांचे अर्ज काकांनी कधी ना कधी परत पाठवलेले. तेव्हा हे नाव इमारतीत यायला काही वाट शोधावी लागली नाही.

त्याच संध्याकाळी नोटीस आली. ‘आपल्या वाहनाचा हँडब्रेक सदोष असल्याचे प्रथमदर्शनी दिसून येते. पंधरा दिवसांत दोष दूर करून तसे लेखी कळवावे. अन्यथा पार्किंग क्रमांक सात आपल्याकडून काढून घेण्यात येईल.’

शेवटचं वाक्य वाचून काकांचा चेहरा उतरला. सात नंबर उतारावर होता हे खरं, पण तिथून लिफ्ट अकरा पावलांवर होती. काकूंचा गुडघा बदलून तीन महिने झाले होते. आठवड्यातून तीनदा त्यांना व्यायामाला न्यावं लागे, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की सध्या एका दमात चाळीस पावलांच्या वर चालायचं नाही. सात नंबर गेला की गाडी मागच्या रस्त्यावर लावायची, आणि तिथून लिफ्टपर्यंत पावलं होती तीनशे बारा. काकांनी ती त्याच संध्याकाळी जाऊन मोजली.

“अहो, गॅरेजमध्ये नेऊन टाका ना गाडी,” काकू म्हणाल्या.

“त्याच्याकडे आठ दिवसांची रांग आहे. मी बघतो.”

“तुम्ही?” काकूंनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं. “घरातला बल्ब बदलायचा तरी तुम्ही मला अर्ज करायला लावता.”

पण माणूस इरेला पेटला की पेटला. काकांनी गाडीबरोबर आलेलं माहितीपुस्तक काढलं आणि एखादं परिपत्रक वाचावं तसं दोनदा वाचलं. रविवारी दुपारी फाटकाजवळच्या सपाट जागेत गाडी आणली, पुढच्या चाकांना दोन्हीकडून विटा लावल्या, मागची बाजू जॅकवर उचलली. दोन सीटच्या मधलं झाकण उघडलं तर खाली हँडब्रेकच्या दांड्याला जोडलेली केबल दिसली आणि तिच्या टोकाला एक नट. चौतीस वर्षं लोक ज्या यंत्रणेला ढिली म्हणत होते, ती एका नटाने ढिली होते हे काकांना तेव्हा कळलं. काकू बाजूला खुर्ची टाकून बसल्या होत्या. काकांनी पान्याने नट थोडा आवळायचा, दांडा ओढायचा, आणि काकूंनी कट्कट् मोजायची.

“अकरा,” काकू म्हणाल्या. मग “नऊ.” मग “सात.” मग त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, “सहा. पुस्तकात सहाच म्हटलंय ना?”

काकांनी मागची चाकं हाताने फिरवून पाहिली. दांडा वर असताना ती जागची हलत नव्हती आणि खाली केला की मोकळी फिरत होती. वीस मिनिटांत काम झालं. काका तिथेच वाकून चाकाकडे बघत राहिले. आजवर त्यांच्या हाताखालून काही लाख कामं गेली होती, पण पूर्ण झालेलं हे पहिलंच. त्यांना इतका आनंद झाला की तो कुठे ठेवावा हे कळेना.

“झालं ना काम?” काकू म्हणाल्या. “आता हात धुवा आणि गप्प बसा.”

तेवढं ऐकलं असतं तर ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती. पण नोटिशीत ‘तसे लेखी कळवावे’ असं होतं.

“अगं, कळवलं नाही तर काम अपूर्ण राहील.”

“गाडी सरकत नाही, मग अपूर्ण कसलं?”

“गाडी पूर्ण झाली. कागद राहिलाय.”

काकांनी तीन पानी पूर्तता अहवाल लिहिला. सोबत नटाची आकृती जोडली आणि काकूंनी मोजलेल्या सहा कट्कटींचा तक्ता जोडून त्यावर साक्षीदार म्हणून काकूंची सही घेतली. अहवाल सचिवांच्या हाती दिला आणि पोच घेतली.

सचिव तसे सज्जन गृहस्थ. त्यांच्या आडनावातल्या एका वेलांटीसाठी काकांनी त्यांचा अर्ज पूर्वी चार वेळा परत पाठवला होता. पण त्याचं त्यांनी मनात काही ठेवलं नव्हतं. फक्त ती वेलांटी त्यांनी चौकट करून भिंतीवर लावली होती. दोन दिवसांत अहवाल परत आला. वर लाल शाई होती.

‘त्रुटी : तीन. एक, दुरुस्तीपूर्वी दोष अस्तित्वात होता याचा पुरावा जोडलेला नाही. दोन, सोसायटीच्या आवारात दुरुस्ती करण्यास पूर्वपरवानगी घेतलेली नाही. तीन, दुरुस्ती करणारी व्यक्ती अधिकृत नाही.’

काकू रागाने लाल झाल्या. काका मात्र कागद उजेडाकडे धरून बराच वेळ पाहत राहिले. “पोरगं तयार झालंय,” ते म्हणाले. सचिव पंचावन्न वर्षांचे होते.

तिसरी त्रुटी सोपी वाटली म्हणून काका तिच्यापासून सुरू झाले. गॅरेजवाल्याने दांडा ओढला, सोडला, पुन्हा ओढला.

“झकास आहे. कोणी केलाय?”

“मी.”

“मग इथे कशाला आलात?”

“तुम्ही केलाय असा दाखला हवाय.”

गॅरेजवाल्याने फडक्याला हात पुसले. “न केलेल्या कामाचा दाखला मी देत नाही, काका. आमचा धंदा आहे, कचेरी नाही. गाडी बिघडवून आणा, नीट करतो, लगेच लिहून देतो.”

काका सचिवांकडे गेले. सचिवांनी शांतपणे समजावलं की गॅरेजवाल्याचं बोलणं तत्त्वतः बरोबर असलं, तरी क्रम चुकीचा आहे. आधी वाहनात दोष हवा. मग कमिटी त्याची पूर्वपाहणी करणार. पाहणीत दोष आढळला तर दुरुस्तीची परवानगी, मग गॅरेज, मग दाखला, मग पूर्तता. “तुम्ही उत्तराकडून गणित सोडवलंत, काका. तुमच्यासारख्या माणसाने असं करावं?”

काकांनी मान खाली घातली. चौतीस वर्षांत हा टोमणा त्यांनी इतरांना मारला होता. स्वतःला ऐकताना त्यातलं तथ्य त्यांना फार जाणवलं. घरी आले आणि पाना घेऊन थेट गाडीकडे गेले. काकू खिडकीतून बघत होत्या.

“चांगलं चाललेलं का बिघडवताय?”

“बिघडवत नाही. पूर्वस्थितीत आणतोय.”

“आणि पूर्वस्थितीत गाडी सरकली म्हणजे?”

“गिअरमध्ये ठेवतो, मागे दगड लावतो. चार दिवसांचा तर प्रश्न आहे.”

चार दिवसांचे सहा झाले. कमिटी सात जणांची. चार जमले तर पाचव्याची वाट बघायची, आणि पाचवा आला की पहिला कंटाळून गेलेला. अखेर मुदतीच्या चौदाव्या दिवशी, सकाळी दहा वाजता, पाच सभासद हातात वह्या घेऊन सात नंबरशी हजर झाले. अध्यक्षांनी आपली कुंडी आधीच बाजूला हलवून घेतली होती. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली.

“हा दगड कसला?”

“गाडी सरकू नये म्हणून,” काका म्हणाले.

“मग पाहणी कसली करायची? दगडाची? ही बाहेरची मदत झाली.” वॉचमनला दगड काढायला सांगण्यात आलं. त्याने काढला आणि छातीशी धरून उभा राहिला.

सचिवांनी खिडकीतून डोकावून पाहिलं. “गाडी गिअरमध्ये आहे. न्यूट्रल करा. परीक्षा ब्रेकची आहे, गिअरची नाही.”

“मी आत बसून करतो,” काका म्हणाले. “म्हणजे वेळ पडली तर पायातला ब्रेक...”

“तेच टाळायचं आहे,” सचिव म्हणाले. “मालक आत असेल तर पायाने ब्रेक दाबल्याचा संशय येतो. तुम्ही हितसंबंधी आहात. ब्रेक लावा आणि बाहेर या.”

काकांना हा मुद्दा बिनतोड वाटला. त्यांनी गाडी न्यूट्रल केली, दांडा ओढला. अकरा वेळा कट्कट् झाली आणि पाच जणांनी ती आपापल्या वहीत अकरा अशी लिहिली. एकाने दहा लिहिली होती, त्याची नंतर समजूत काढण्यात आली. मग काका बाहेर आले, दार लावून घेतलं, आणि सगळे चाकाकडे बघत उभे राहिले.

पहिलं अर्धं मिनिट काहीच झालं नाही. मग चाक हललं. फार घाईने नाही; एखादी फाइल या टेबलावरून त्या टेबलावर जाते तशी गाडी निघाली.

“साहेब, दगड लावू?” वॉचमनने विचारलं.

“थांब,” सचिव लिहिता लिहिता म्हणाले. “पाहणी चालू आहे.”

“पण साहेब, ती चाललीय.”

“तेच तर नोंदवतोय.”

काका धावले, दाराला हात घातला, पण उतार गाडीच्या बाजूने होता. वाटेत ‘वाहने सावकाश हाका’ अशी पाटी होती, तिचं गाडीने पूर्ण पालन केलं. तरीही फाटकाजवळ पोचेपर्यंत तिला बऱ्यापैकी वेग आला आणि गेल्याच महिन्यात बसवलेलं, बटणावर सरकणारं फाटक तिने आपल्या पाठीने वाकवलं. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. अध्यक्षांनी वही मिटली आणि समाधानाने म्हणाले, “दोष सिद्ध झाला.”

तीन दिवसांनी तातडीची सर्वसाधारण सभा झाली. बासष्ट बिऱ्हाडांतून बासष्ट सभासद आले, कारण फाटक सगळ्यांच्या वाटेवरचं होतं. काका पुढच्या रांगेत बसले आणि त्यांच्या शेजारी, काठी मांडीवर आडवी ठेवून, काकू. मराठीत हात वर करण्याचे दोन अर्थ होतात, आणि सोसायटीची सभा ही अशी जागा आहे की जिथे दोन्ही एकाच वेळी साधता येतात. पहिले तीन ठराव पाच मिनिटांत मंजूर झाले. निम्मे लोक फोनमध्ये होते आणि उरलेले, फोनमध्ये असलेल्यांचे हात बघून हात वर करत होते.

ठराव क्रमांक चार सचिवांनी वाचून दाखवला. ‘पार्किंग क्रमांक सातवरील वाहनाचा दोष कमिटीसमक्ष सिद्ध झाला असून दिलेल्या मुदतीत तो दूर झालेला नाही. सबब, उपसमितीचा अंतिम निर्णय होईपर्यंत पार्किंग क्रमांक सात रिकामे ठेवण्यात यावे.’ उपसमिती कधी नेमायची हे पुढच्या सभेत ठरणार होतं.

“काका,” सचिव आदराने म्हणाले, “तुमची काही हरकत?”

काकूंनी काकांकडे पाहिलं. काकांनी मसुदा हातात घेतला, चष्मा वर सारला आणि बोट ठेवून ओळ न् ओळ तपासली. तारीख बरोबर होती. संदर्भ क्रमांक बरोबर होता. ऱ्हस्व-दीर्घ बरोबर होते. ‘सबब’नंतर स्वल्पविरामसुद्धा होता. काकांच्या कपाळाला घाम आला. त्यांनी कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला.

“मसुदा निर्दोष आहे,” ते म्हणाले, आणि चौतीस वर्षांच्या सवयीने त्यांचा हात वर गेला. एकसष्ट हात आधीच वर होते. ठराव एकमताने मंजूर झाला.

घरात आल्यावर काकू खुर्चीत टेकल्या, गुडघा दोन्ही हातांनी धरला आणि एवढंच म्हणाल्या, “जन्मभर परक्यांच्या कागदात त्रुटी काढल्यात. आज एक माझ्यासाठी काढायची होती.”

काका उभेच राहिले. त्यांची मान वर होईना.

आता गाडी मागच्या रस्त्यावर, सपाट जागेत उभी असते. काकांनी नट पुन्हा आवळला आहे आणि हँडब्रेक सहाव्या कट्कटीला घट्ट धरतो. सात नंबरला साखळी लावली आहे. काकू आठवड्यातून तीनदा त्या रिकाम्या जागेजवळून काठी टेकत जातात, आणि आठ ठिकाणी थांबतात.

इमारतीतली माणसं वाईट नाहीत, बरं का. काकू दिसल्या की कोणी लिफ्टचं दार धरून उभं राहतं, कोणी हातातली पिशवी घेतं. सगळेच मनापासून हळहळतात आणि म्हणतात, “काय बाई हा नियम! असले नियम करतं तरी कोण?”

तुम्हालाही वाचताना तसंच वाटलं असेल. वाटायलाच हवं. फक्त जाता जाता एक सांगा. तुमच्या इमारतीच्या मागच्या सभेत चौथा ठराव कशाबद्दल होता? आठवत नाही ना? आणि तुमचा हात कुठे होता?